आधी विरुद्ध बाजू

वसतिगृह, ४ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. (साष्टांग खरंच घालणार होतो, पण खोलीत तेवढी जागा नाही.)

कॉलेजात ‘विचार आणि लेखन’ नावाचा तास सुरू झालाय. बाईंनी पहिल्याच दिवशी नियमांचा कागद वाटला. उशिरा आलेला निबंध घेणार नाही. दुसऱ्याचं उतरवलं तर सरळ नापास, म्हणजे माझा आजवरचा धंदाच बसला. ‘मला वाटतं’ हे कारण धरणार नाहीत. आणि सगळ्यात खडूस नियम: आधी विरुद्ध बाजू लिहायची, ती अशी की समोरच्यालाही इतकी छान मांडता आली नसती. आपलं उत्तर पुढच्या निबंधात.

विषय घरातला घ्या म्हणाल्या. मी तुझा घेतला, रागावू नकोस. नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या बहिणीनं परत जावं का? बाबांची बाजू लिहिली. दाजींनी माफी मागितलीय, माणूस बदलतो, छकुलीला बाप हवा, वगैरे. लिहिताना तोंड कडू झालं, पण बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला. बाबा मला गाढव म्हणतात ना, म्हणून त्यांनाही पाठवलाय. बघू दे गाढवाचं अक्षर.

तू मात्र तिथून हलू नकोस. माझं उत्तर यायचंय अजून.

लोभ आहेच, मोजत बसू नकोस.
तुझा किडक्या

•

घर, १३ ऑगस्ट

चि. किडक्यास,
अ. उ. आ.

तुझा निबंध बाबांनी जेवताना सगळ्यांना वाचून दाखवला. काकांनाही मुद्दाम बोलावलं होतं. म्हणाले, धाकट्याला कळतं ते हिला कळत नाही. आई ताट उचलून आत गेली. मी सांगितलं की हे त्याचं मत नाही, त्याला तसं लिहायला लावलंय. त्यावर बाबा म्हणाले, मत नसताना एवढं मनापासून कुणी लिहितं का?

बाबा ओरडायचे तेव्हा मी कान बंद करून घ्यायचे. तू ओरडला नाहीस. ‘पडलेला माणूस उठणारच नाही असं धरून चाललो, तर कुणालाच घरात घेता येणार नाही.’ हे तुझं वाक्य डोक्यातून जाईना. रविवारी हे न्यायला येतायत. तुझ्यावर राग नाही. लिहितोस छान.

जेवत जा वेळेवर. आठवण ठेव, तेवढी पुरे.
ताई

•

वसतिगृह, १८ ऑगस्ट

ती. ताईस,
नमस्कार राहू दे.

तुझं पत्र आज मिळालं, म्हणजे तू गेलीस. म्हणून दुसरा निबंध तुझ्या सासरच्या पत्त्यावरच पाठवतोय, बाईंना नंतर देईन. तू आलीस तेव्हा कानातून रक्त येत होतं, ते यात आहे. छकुली आपणहून दाराला कडी घालायची, ते आहे. ही दाजींची तिसरी माफी, तेही आहे. पहिल्यात हे घेता येत नव्हतं, बाजू बाबांची होती. अगं, भाड्यानं घेतलेला वकील होतो मी.

वाच आणि बॅग भर. नुसतं कळव, मी न्यायला येतो.
तुझा गाढव

•

सासर, २९ ऑगस्ट

चि. बंधूस,
अनेक आशीर्वाद.

हात जरा दुखावलाय, म्हणून हे पत्र जाऊबाईंकडून लिहून घेते आहे. तुझं पाकीट ह्यांनीच उघडलं आणि शेवटपर्यंत वाचलं. आम्ही सगळे ठीक आहोत. छकुली आता अजिबात दंगा करत नाही. पुन्हा असं काही लिहून पाठवू नये.

लोभ आहे तसाच असू द्यावा.
तुझी ताई

•

वसतिगृह, २ सप्टेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

ताईचं पत्र सोबत आहे. अक्षर तिचं नाही, हे तुम्हाला कळेलच. तेही काकांना बोलावून मोठ्यानं वाचा.

निबंध लिहिला मी, वाचून दाखवलात तुम्ही, आणि दुसरं पाकीट दाजींच्या हातात दिलं पुन्हा मीच. आपण दोघांनी मिळून तिला तिथे पोचवलंय.

शुक्रवारी सकाळी तिच्या दारात जातोय. माझ्यासारख्या पोराला ते बाहेरूनच वाटेला लावतील. बाप आला तर दार उघडावं लागेल. तिच्या गल्लीच्या तोंडाशी बसथांबा आहे, तिथे तुमची वाट बघतो. नाही आलात तरी मी जाणार. पण तिनं तुम्ही कुठे आहात असं विचारलं तर काय सांगू, ते मला सुचत नाहीये.

आशीर्वाद नंतर द्या. आधी या.
तुमचा धाकटा