अक्काची डावी बाजू

३ जून

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर आईच्या चेहऱ्याची डावी बाजू उतरली ती उतरलीच. डावा हातही मांडीवर नुसता पडून असतो. मानेतल्या रक्तवाहिनीचं ऑपरेशन वीस तारखेला ठरलंय आणि डॉक्टर हमी देत नाहीत. त्याआधी एकदा येऊन जा. फोटो स्टुडिओ सोडवत नाही हे तुमचं कारण मी आईला सांगितलं. ती म्हणाली, धाकट्याला माझं तोंड बघायचा धीर होत नाही.

निदान तिचा एक चांगला फोटो काढायला तरी शिकवा. मी काढलेला ओळखपत्रावरच्यासारखा आलाय, चपटा, मागे भिंतीवर काळी सावली. तो बघून तिने नाक मुरडलं आणि अर्धंच मुरडतं म्हणून स्वतःच हसली.

माया आहे तशी राहू द्या.
तुमची भाची,
भिंगरी

७ जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

लहानपणी माझ्या स्टुडिओतले पडदे ओढून पाडणारी तू आता फोटो शिकणार म्हणजे नवलच! ऐक. फ्लॅश आधी कॅमेऱ्यावरून उतरव. स्टँडवर लाव, अक्काच्या उजवीकडे, डोळ्यांपेक्षा जरा वर, पुढे उजेड मऊ करणारी पांढरी छत्री. कॅमेऱ्याला ट्रिगर जोडलास की फ्लॅश वायरीशिवाय उडेल. खिडक्या बंद कर. पहिला फोटो फ्लॅशशिवाय काढ, तो काळाकुट्ट आला पाहिजे. मग जे दिसेल ते सगळं तुझ्या फ्लॅशचं.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर कृष्णधवल ठेव. फाइल रॉमध्ये, म्हणजे कच्च्या रूपात, घेतलीस की रंग आत शाबूत राहतात, पण समोर दिसले नाहीत की डोळा उजेड-अंधार बघायला शिकतो. डावीकडे पांढरी चादरसुद्धा ठेवू नकोस, उजेड परततो. डावा गाल अंधारात गेला की काम फत्ते. जन्मभर मी हेच केलं, गिऱ्हाइकाचं व्यंग अंधारात टाकलं.

येण्याचं बघतो. गुडघे कुरकुरतात.

तुम्हा दोघींची आठवण काढणारा,
मामा

१२ जून

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलंत तसंच केलं. फोटो इतका सुरेख आला की शेजारच्या शिक्षिकाबाई म्हणाल्या, आई अगदी पहिल्यासारखी दिसते. आईने मात्र बराच वेळ बघितला आणि विचारलं की माझी दुसरी बाजू कुठे ठेवलीस. मी म्हटलं, मामांनी अंधारात ठेवायला सांगितलीय. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिने छत्री काढायला लावली. फ्लॅश स्टँडवरून उतरवून आपल्या उजव्या हातात घेतला, हात समोर उंच धरला आणि उतरलेला गाल त्याच्याकडे वळवला. हाताला आधार देते म्हटलं तर ओरडली. छत्री नसल्यामुळे प्रकाश कडक पडला. अर्धा मिटलेला डोळा, ओठाच्या कोपऱ्यातला ओलावा, सगळं लख्ख आलंय. रंग ठेवू का विचारलं, तर नको म्हणाली, रंगात माणूस आधी साडीच बघत बसतो.

फाइल या मेलला जोडली आहे. तिचा निरोप जसाच्या तसा लिहिते: हा फोटो धाकट्यासाठी आहे. त्याने आधी याच्याकडे बघायची सवय करावी.

मामा, रागावू नका.
भिंगरी

१५ जून

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

फोटो कॉम्प्युटरवर उघडला. सवयीने माउस ओठाच्या कोपऱ्याकडे गेला, तिथला ओलावा पुसायला. थोडं पुसलंही. मग तुझं तोंड दुसऱ्याच कुणाचं तरी दिसायला लागलं आणि मला धडकी भरली. सगळं परत होतं तसं केलं आणि समोर बसून राहिलो. खूप रडलो, अक्का. पण नजर काढली नाही.

गुडघ्यांचं काही नाही. तू म्हणालीस तेच खरं होतं.

उद्या सकाळच्या गाडीने निघतोय. ऑपरेशनच्या दिवशी आत नेईपर्यंत तुझ्या डाव्या अंगालाच बसेन. भिंगरीला सांग, कॅमेरा आणत नाहीये. नुसतं तुला बघायचंय.

तुझा,
धाकटा