दोनची चौकट

४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. कारणं देत नाही, तू ती वाचून नुसती मान हलवशील. सकाळी सात ते दोन वॉर्डात, मग इतर दवाखान्यांचे कागद, आणि घरी आलं की बूट काढायला वाकणंसुद्धा जिवावर येतं. फोनवर तुला माझं ऐकू येत नाही आणि ओरडायचं त्राण मला उरलेलं नसतं, तेव्हा पत्रच बरं.

प्रबंध मान्य झाला. नावापुढे डॉक्टर लागलं. त्याचा पहिला परिणाम असा, की शेजारपाजारचे लोक खोकला घेऊन माझ्या दारात उभे राहतात. मी सांगते, बाबांनो, मी नर्सच आहे, डॉक्टरकी नर्सिंगच्या अभ्यासातली आहे, गोळ्या लिहून देता येत नाहीत. मग ते अशा नजरेने बघतात, की या बाईने तीन वर्षं घर सोडून नेमकं केलं काय.

केलं ते असं. एका वॉर्डातल्या सिस्टरला जे उमगतं ते शेजारच्या वॉर्डातसुद्धा पोचत नाही, ती निवृत्त झाली की तिच्याबरोबर घरी जातं. म्हणून आता सहा दवाखान्यांतल्या बारा सिस्टर एक आड एक बुधवारी दुपारी तीनला आमच्या चादरींच्या खोलीत जमतात. कागदोपत्री नाव सरावमंडळ, सगळ्या म्हणतात ‘बुधवार’. एकच प्रश्न घ्यायचा, प्रत्येकीने आपल्याकडे काय घडलं ते सांगायचं, एक बदल ठरवायचा, करून बघायचा, परत येऊन खरं काय झालं ते सांगायचं. मी शिकवत नाही, विचारते आणि मोजते. पहिला प्रश्न घेतलाय बेडसोअरचा. अंथरुणाला खिळलेल्यांच्या पाठीला नि टाचेला होणाऱ्या जखमा तुला मी काय सांगायच्या?

बहुतेकजणी कधी ना कधी तुझ्याच वॉर्डात शिकून गेलेल्या. तुझ्या जुन्या दवाखान्यातून कात्रीताई येते. खिशात कात्री नसेल तर तिला अजूनही उघडं-उघडं वाटतं.

पण बाराही जणी मूग गिळून बसतात. तक्ते आणतात, दर दोन तासांनी कूस बदलल्याच्या खुणा, एकही चौकट रिकामी नाही. आणि गेल्या महिन्यात नव्या जखमा नऊ. अधीक्षकांनी मला जूनअखेरची मुदत दिली आहे. आकडा उतरला नाही तर बुधवारी कुणालाही ड्युटीतून सोडणार नाहीत. मग बुधवार संपला आणि माझी तीन वर्षंही.

आतोबांचा डावा हात काही हलतो का? ते कळव.

रागावलीस तरी लोभ त्यातून वजा करू नकोस.
तुझी भाची

१५ फेब्रुवारी

चि. बबडीस,
अ. उ. आ.

डॉक्टरीणबाई, तुमचं पत्र पावलं. समोरच्या बाईंना मी तुझी पदवी सांगायची चूक केली. आता त्यांचे गुडघे तुझी वाट बघतायत. आलीस तर मागच्या दाराने ये.

आतोबांचा हात तसाच आहे. बोट हललं असं त्यांना वाटतं, मला दिसत नाही, मी हो म्हणते. झटका येऊन तीन महिने झाले. बोलणं सावकाश पण स्वच्छ, आणि खोड्या पूर्वीच्याच. मला ‘सिस्टर’ म्हणून हाक मारतात आणि पगार किती देऊ म्हणून विचारतात. दर दोन तासांनी कूस बदलते. कपाटाच्या दारावर तक्ता चिकटवलाय. सवय, दुसरं काय. कंबर धरते, पण ते चालायचंच.

तुझ्या सिस्टरांबद्दल सांगू? तक्त्यात खोट नाही, मुलींत आहे. तीस वर्षं मी पुरुषांचा वॉर्ड सांभाळला. चौकट रिकामी दिसली की त्या मुलीला सगळ्यांसमोर उभी करायचे. तुझ्या कात्रीताईला एकदा अख्खा तक्ता पुन्हा लिहायला लावला होता, रडत लिहिला तिने. पण परत कधी चौकट सुटली नाही. कागद पुरा म्हणजे काम पुरं. आमच्या वेळी तरी असंच होतं.

जेवतेस का वेळेवर? पाय मिठाच्या गरम पाण्यात बुडव. एवढं सांगायला प्रबंध लागत नाही.

माया आहेच, ती आठवणीत ठेव म्हणजे झालं.
तुझी आत्या

२१ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. चौथ्यांदा फाडायला कंटाळा आला म्हणून पाठवते.

महिन्याच्या सुरुवातीच्या बुधवारी कात्रीताई बोलली. चादरींच्या घड्यांकडे बघत बोलली, आमच्याकडे नाही. म्हणाली, की ड्युटीवर आल्या-आल्या ती सगळ्या चौकटी आधीच भरून टाकते. नंतर वेळ मिळेल याची खात्री नसते, आणि चौकट सुटलेली असेल तर पुढची सिस्टर चार्ज घेत नाही. कूस बदलते जमेल तेव्हा, न जमली तर नाही. खूण मात्र असते. मग एकेक करून बाकीच्या अकरा जणींनीही तेच सांगितलं. एक तर म्हणाली, पेन हातात आहे तोवर भरून घ्यायचं, हेच आम्हाला शिकवलंय.

कुणी शिकवलं ते कुणी विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांना हेही ठाऊक होतं की मी तुझी भाची आहे. आत्या, मीसुद्धा तशीच भरत आलेय.

आम्ही ठरवलं की कूस बदलली नाही तर चौकट रिकामी ठेवायची आणि बाजूला दोन शब्दांत कारण लिहायचं. खरं काय ते कळल्याशिवाय बदलायचं काय हे कसं ठरवणार? सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढच्या बुधवारी बारा जणींच्या तक्त्यांत मिळून रिकाम्या चौकटी किती निघाल्या असतील? एक. ती पण शाई संपली म्हणून.

त्या मला घाबरत नाहीत. तुला घाबरतात, तू तिथे नसलीस तरी. म्हणून मागणं मागते. एक पत्र त्यांना लिही. एवढंच, की रिकामी चौकट चालेल. माझा प्रबंध त्या ऐकून घेतील, तुझं मनावर घेतील.

रागावशील हे माहीत आहे. तरी लोभाची वाट बघते.
भाची

२ एप्रिल

चि. बबडीस,
अ. उ. आ.

तीस वर्षांत माझ्या वॉर्डाच्या कागदाला कुणी बोट लावलं नाही. म्हातारपणी ते काम तू केलंस. मी असलं काही लिहून देणार नाही. कामचुकारपणाला परवानगी माझ्या सहीने मिळणार नाही.

आतोबा बरे आहेत. तक्ता भरलेला आहे.

आत्या

१६ मे

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मी मागायला नको होतं. सहा आठवडे हे वाक्य मनात घोळवतेय, ते आधी लिहून टाकते.

बाकी सांगण्यासारखं फार नाही. गेल्या बुधवारी पाचच जणी आल्या. एकीचा डोळा लागला तिथेच, चादरींच्या गठ्ठ्याला टेकून. उठवावंसं वाटलं नाही. अधीक्षक जाता-जाता डोकावले आणि म्हणाले, की झोपायची सोय चांगली केली आहे. मी हसले. जखमांचा आकडा नवाचा नवावरच आहे. कधीकधी वाटतं, वॉर्डात नुसती सिस्टर म्हणून राहिले असते तर निदान दहा माणसांची पाठ तरी नीट राहिली असती.

कात्रीताई मात्र एकही बुधवार चुकवत नाही. दोन तास बसने येते, गप्प बसते, दोन तास बसने जाते.

तू लिहिलं नाहीस तरी मी लिहीत राहीन. लोभ थकला असेल तर थोडा विसावू दे, पण तोडू नकोस.
भाची

२८ मे

चि. बबडीस,
अ. उ. आ.

स्वस्थ बसून वाच. आतोबा धोक्यात नाहीत, हे आधी सांगते.

काल त्यांचा डावा मोजा काढला. टाचेवर बटणाएवढा काळा डाग होता, कडेने लाल. तो एका दिवसाचा नव्हे, हे मला सांगायला कुणी नको. मी खाटेच्या कडेवर बसले. मग उठून कपाटापाशी गेले आणि तक्ता वाचला. पूर्ण भरलेला. माझ्या अक्षरात, रेघ न चुकता.

बबडे, दोनची आणि चारची चौकट मी रोज बाराला भरत होते. बाराची कूस बदलून पेन हातात असायचं, तेव्हाच पुढच्या दोन भरून टाकायचे. जेवण झालं की खुर्चीत टेकायचे, आणि डोळे उघडायचे ते साडेपाचला. अंगात काही राहिलेलं नाही गं. आणि उठल्यावर मला खरंच वाटायचं की दोनला मी त्यांना वळवलंय. कपाटावर लिहिलेलंच असायचं ना.

अजून एक आहे, तेही लिहिते. ते मला दोनदा म्हणाले होते, की सिस्टर, पाय जड झालाय. मी तक्त्याकडे बघितलं आणि त्यांना सांगितलं, की आत्ताच तर वळवलंय, उगीच कुरकुर करू नका. माणूस समोर बोलत होता आणि मी कागद वाचत होते. माझ्या वॉर्डात असे किती जण बोलले असतील आणि मी मुलींचे तक्ते तपासून पुढच्या खाटेकडे गेले असेन, हे कालपासून डोक्यातून जात नाही.

पोटरीखाली उशी घालून टाच अधांतरी ठेवली आहे. ड्रेसिंग कुठलं ते तू सांग. तू शिकलीस, मी ऐकेन.

सोबत तक्ता पाठवते. बुधवारी हे पत्र मोठ्याने वाच, एकही ओळ न गाळता. कुणाची आत्या तेही सांग. आणि सांग, की मोठ्या सिस्टरने म्हटलंय, चौकट रिकामी ठेवा. कात्रीताईला म्हणावं, तो तक्ता तिला मी उगीच पुन्हा लिहायला लावला.

आशीर्वाद द्यायची आज लाज वाटते, पण तुला ते हवे असतात म्हणून देते.
आत्या

७ जुलै

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

ड्रेसिंग बदलतेस ना? डागाची कड मऊ झाली तर लगेच कळव. फोन कर, मी ओरडेन.

पत्र वाचलं. बाराही जणी होत्या, कात्रीताईने कुणाकुणाला ओढून आणलं होतं. ‘माणूस समोर बोलत होता’ इथे मी कागद तिच्या हातात दिला, पुढचं तिने वाचलं. तुझा तक्ता हातोहात फिरला. त्याच्या पुढच्या बुधवारी रिकाम्या चौकटी किती आल्या, सांगू? एकशे सहा. बाजूला कारणं: ‘एकटी होते’, ‘दुसरीकडे धावले’, ‘विसरले’. एवढं खरं मी तीन वर्षांत वाचलं नव्हतं.

आम्ही ते तक्ते जमिनीवर पसरले आणि वाकून बघत बसलो. अर्ध्याहून जास्त रिकाम्या चौकटी दोनच्या होत्या. दोनला ड्युटी बदलते. जाणारीला वाटतं येणारी करेल, येणारीला वाटतं करूनच गेली असेल. सगळे तक्ते भरलेले असताना हे कुणाला दिसणार होतं? हे काही मी शोधलं नाही, कात्रीताईच्या लक्षात आलं. आता ठरलंय की चार्ज टेबलाशी उभं राहून द्यायचा नाही. जाणारी आणि येणारी दोघींनी खाटेपाशी जायचं, दोघींनी मिळून कूस बदलायची, पाठ आणि टाचा बघायच्या, मगच जाणारीने घरी जायचं. दोघी असल्या की कंबरही धरत नाही.

जूनचा आकडा मात्र चौदा आला. जखमा वाढल्या नाहीत, लपलेल्या बाहेर आल्या. हे अधीक्षकांना समजावताना माझ्या नाकी नऊ आले. ते म्हणाले, की कागद आधी बरे होते. मी म्हटलं, कागद बरे होते, माणसं नव्हती. शेवटी सप्टेंबरपर्यंत मुदत वाढवली. पटलं म्हणून नव्हे, मला कंटाळले म्हणून. चालेल. नवी पद्धत लागल्यापासून तीन आठवड्यांत नवी जखम एकच आहे.

तू एकटी आहेस एवढीच काळजी आहे. मी येऊ शकत नाही याची मला फार टोचणी आहे, आत्या.

लोभ दोन्ही हातांनी घेते, तूही माझा घे.
भाची

२५ जुलै

चि. बबडीस,
अ. उ. आ.

टाच भरून येतेय, कड गुलाबी आहे. आतोबा म्हणतात, की सिस्टरचा पगार वाढवायला हरकत नाही.

तू टोचणी लावून घेऊ नकोस. माझं जास्त लिहायचं बळ नाही, म्हणून या आठवड्याचा तक्ताच पाठवते. दोनची चौकट चार दिवस रिकामी आहे. बाजूला कारण लिहिलंय, ‘झोप लागली’.

चारची चौकट मात्र सातही दिवस भरलेली आहे, आणि ते अक्षर माझं नाही, हे तुझ्या लक्षात येईलच. या आठवड्यात तुमचा बुधवार नव्हता, तेव्हा ड्युटी सुटली की ती रोज सरळ इकडे आली, सुटीच्या दिवशीही घरून. पहिल्या दिवशी मी दारात तिला विचारलं, काय काम काढलंस. ती म्हणाली, चार्ज घ्यायला आलेय. कात्री काढून तिने मेजावर ठेवली आणि पलीकडच्या बाजूने चादर धरली.

माया सगळी तुझीच आहे, आता थोडी तिलाही देते.
आत्या