बन्सीला दीड दिवसात ओळखले, त्याची हकीकत

तिसगाव,
ता. २२ मार्च १९७३

तीर्थरूप दाजींना धाकट्या मेहुण्याचा, आसारामचा, साष्टांग नमस्कार. आपला खोकला आणि अक्काचे गुडघे कसे आहेत, ते सविस्तर कळवावे. इकडे सगळे खुशाल आहेत (निदान माझ्यासमोर तरी तसे म्हणतात).

आपण चिठ्ठी देऊन पाठवलेला बन्सी काल सकाळी पोचला. दाजी, आपण मास्तर. पोराला वर्षभर वर्गात बसवून मग नापास करता. बांगड्यांच्या दुकानात तसे चालत नाही, माणूस ओळखायला मला तीन दिवस रग्गड होतात. मागचा नोकर पहिल्याच दिवशी वेळेआधी हजर झाला. माझ्या दुकानाची याला एवढी कसली घाई, असे मनात आले आणि दुपारी त्याला रजा दिली. त्याच्या आधीच्याने माझ्या हातच्या चहाची तारीफ केली होती (तो चहा मला स्वतःलाही पिववत नाही). आणि आता हा बन्सी! परवापर्यंत कर्जतकडे दुष्काळी कामावर खडी फोडणारा माणूस आपण काचेच्या मालात पाठवलात. वर कांबळ्यात हातोडा गुंडाळून आलेला. हे काय, म्हणून विचारले तर म्हणाला, "सरकारी न्हाई, सोताचा हाय." कोणाचा, हे मी विचारलेच नव्हते. तेव्हाच मी सावध झालो.

काल एका नव्या नवरीला बांगड्या भरताना एक तडकली, तर हा गृहस्थ सगळ्यांदेखत ओरडला, "फुटली!" नवरीची सासू तणतणत उठली आणि थेट समोरच्या रंगनाथच्या दुकानात जाऊन बसली. (रंगनाथनेच याला फितवले असावे, अशी मला तिथेच शंका आली. ती अजून गेलेली नाही.) मी बन्सीला बजावले, सवाष्णीच्या बांगडीला फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. या दुकानात वाढणे म्हणजे फुटणे, हे डोक्यात पक्के बसव. त्याने दहादा घोकले.

आज दुपारी जेवायला जाताना मी त्याला म्हटले, "दुकान वाढव, काही मागे ठेवू नकोस." म्हणजे बाहेर टांगलेला माल आत घे आणि दार लाव. दुसरा काय अर्थ होणार? परत येऊन पाहतो तर दुकान सताड उघडे, मधोमध बन्सी हातोडा घेऊन बसलेला, अंगाला दरदरून घाम. म्हणाला, "मालक, लई मन घट केलं, पर हात उचलंना. लेकीबाळींचं लेनं हाय हे. निम्मंच वाढवलं तर न्हाई का चालनार?"

आता सांगा, इतका भोळा माणूस असतो का कुठे? मला तर हे सोंग वाटले. मालकाचा हुकूम मोडला म्हणून मी त्याला जागच्या जागी काढले. त्याने वाद घातला नाही, हेही संशयास्पदच. फक्त म्हणाला, "गुरुजींना लिवा, बन्सीनं चोरी केली न्हाई म्हनून. न्हाईतर गावात तोंड दावता यायचं न्हाई. खडी काय, परत फोडीन." तेवढे ऐकून मलाही वाईट वाटले. सबब त्याने चोरी केली नाही, हे या पत्राने कळवतो. उद्याच्या यष्टीने तो परत येईल.

आपला,
आसाराम

ता. क. बन्सी आलेला नसेल, कारण तो निघालाच नाही. जाताना तो माझ्या सासूबाईंच्या पाया पडायला गेला आणि सगळे सांगून बसला. (दुकान त्यांच्याच नावावर आहे, हे आपण जाणताच. चारचौघांत बोलत नाही, हा आपला मोठेपणा.) त्या हसल्या नाहीत. मला बोलावून म्हणाल्या, "जावईबापू, तुमी दुकानात बसल्याला तिसऱ्या दिशीच मला तुमचा आदमास आल्ता. तरी अकरा वर्सं गप ऱ्हायलेच का न्हाई?"

ता. क. दुसरा. बन्सीला सहा महिने पाहायचे ठरले आहे. मलाही सहाच. मग आमच्यापैकी कोणाला ठेवायचे, ते सासूबाई बन्सीला विचारून ठरवणार आहेत. गुरुजींचा शब्द तो खाली पडू देत नाही, असे ऐकतो. तरी माझ्यासाठी एक शिफारसपत्र त्याच्या नावे ताबडतोब पाठवावे.