काटकोनच्या मशीनला बसेल का?

३ फेब्रुवारी, सोमवार
साहेबांच्या केबिनमध्ये मीटिंग. काटकोन अठ्ठावीसला रिटायर होतोय, त्याची भेट. एकतीस वर्षं हा माणूस पाठ ताठ ठेवून पुलांचे नकाशे काढत बसला, म्हणून 'काटकोन' हे नाव मीच पाडलं होतं. आता पुरं ऑफिस वापरतं, श्रेय कोणी देत नाही.

भेट आधीच आणून ठेवलेली. स्क्रीनवर पेनाने थेट चित्र काढायचं यंत्र. आवक-जावकवालीची कल्पना. ऑफिसात कॉम्प्युटर आल्यापासून काटकोन माउसने रेघा मारतो आणि माउसला शिव्या देतो, हे तिच्या लक्षात आलं म्हणे. माझ्याही आलं होतं. बोललो नव्हतो एवढंच.

साहेब म्हणाले, त्याच्या घरचा कॉम्प्युटर पुराणकाळातला आहे, त्याला हे चालेल का? दुकानदार पंधरा तारखेपर्यंत परत घेणार, पण खोक्याचं सील शाबूत हवं. मी हात वर केला. दोन वर्षांपूर्वी प्रिंटर मीच चालू केला होता. (स्विच बंद होता. पण तो शोधला कोणी?)

आवक-जावकवाली म्हणाली, सर, मी त्यांच्या घरी वहिनींना फोन करते, मशीनच्या मागचा फोटो मागवते, पाच मिनिटांचं काम आहे. मी म्हणालो, राहू दे, याला अनुभव लागतो.

संकल्प: गुरुवारपर्यंत रिपोर्ट.

४ फेब्रुवारी
खोकं घरी आणलं. सील न तोडता चारी बाजूंनी वाचलं. अक्षर मुंगीएवढं. हिने विचारलं, चष्मा का लावत नाही? म्हटलं, लांबचं दिसायला त्रास नाही. ही म्हणाली, खोकं जवळ आहे.

वहीत तक्ता आखला. चार रकाने: काय हवं, काय आहे, फरक, शेरा. तक्ता सुरेख झाला. दमलो. भरायला उद्यापासून.

६ फेब्रुवारी, गुरुवार
रिपोर्टची तारीख पुढे ढकलली. घाईत चुका होतात.

आज चहाच्या वेळी काटकोनला आडून विचारलं. घरी कॉम्प्युटर कसा आहे? म्हणाला, बरा आहे. जुना? म्हणाला, आपल्यासारखाच. मग मुद्द्यावर आलो. त्याच्या मागे काय काय आहे? म्हणाला, भिंत.

यापुढे विचारलं असतं तर संशय आला असता. गुप्तता महत्त्वाची.

एक गोष्ट मात्र कळली. नोकरीभर दुसऱ्यांनी ठरवलेले पूल काढले, आता मनातले काढतो म्हणाला. अकरा वर्षांपासून रोज एखाद तास बसतो. सगळे त्या मशीनमध्येच आहेत. कोणाला दाखवलेले नाहीत. मी विचारलं, नद्या कुठल्या? म्हणाला, त्या अजून ठरल्या नाहीत.

८ फेब्रुवारी, शनिवार
प्रत्यक्ष पाहणी. 'सहज आलो' म्हणून काटकोनच्या घरी. मशीन टेबलाखाली, भिंतीला चिकटून. काटकोन खोलीतून हलेना. शेवटी मुद्दाम पेन खाली पाडलं आणि टेबलाखाली शिरलो. अंधार, धूळ, वायरींचं जंगल. एका स्टिकरवरचा नंबर टिपून घेतला.

बाहेर येता येईना. कंबर धरली. काटकोनने एका बाजूने आणि वहिनींनी दुसऱ्या बाजूने ओढून काढलं. वहिनींनी बाम दिला. पेन आतच राहिलं.

तरी नंबर मिळाला. मोहीम फत्ते.

९ फेब्रुवारी
अंथरुणात. दुकानदाराला फोन करून नंबर सांगितला. म्हणाला, काका, हा स्टॅबिलायझरचा नंबर आहे. म्हटलं, तोही महत्त्वाचा असतो.

हिचं म्हणणं, मी रोज त्या वहिनींशी अर्धा तास बोलते, मला सांगितलं असतं तर? हिला गुप्तता म्हणजे काय ते कळत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार
कंबर शेकून ऑफिसला. आवक-जावकवालीने विचारलं, सर, कुठवर आलं? म्हटलं, नव्वद टक्के. ती म्हणाली, शनिवार शेवटचा. म्हटलं, कॅलेंडर माझ्याही टेबलावर आहे. मग हळूच म्हणाली, वहिनींना फोन करू का? मी ऐकू न आल्यासारखं केलं. लोकांना विश्वासच ठेवता येत नाही. याने माणूस जास्त दमतो, कामाने नाही.

१३ फेब्रुवारी
आवाज बदलून वहिनींना फोन. कॉम्प्युटर कंपनीकडून पाहणी चालू आहे म्हणालो. त्यांनी दुसऱ्याच वाक्याला विचारलं, भावोजी, कंबर कशी आहे?

पण माहिती दिली. मशीन चौदा वर्षांचं. मागे एक निळं, रुंद, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेलं तोंड आहे. खोक्यावरच्या चित्रात केबलचं टोक चपटं आहे, स्क्रू नाहीत. विचार केला. स्क्रू काढता येतात. शिवाय चित्रातली केबलही निळी छापलीय. निळ्याला निळं.

विंडोज कुठलं, ते त्यांना सांगता आलं नाही. तो रकाना कोरा ठेवला. सगळे रकाने भरले की रिपोर्ट खोटा वाटतो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
रिपोर्ट दिला. 'सदर भेटवस्तू सदर मशीनला पूर्णपणे चालण्याजोगी आहे.' खाली सही, तारीख. साहेबांनी न वाचता सही केली. याला म्हणतात विश्वास.

हिला सांगितलं, सुटलो एकदाचा. ही म्हणाली, तू सुटलास, काटकोनभावोजींचं काय?

१७ फेब्रुवारी
परत करायची मुदत गेली. मन शांत.

दुपारी आवक-जावकवालीने रिपोर्ट फाइलला लावताना वाचला. विचारलं, सर, विंडोजचा रकाना कोरा का? आणि निळं तोंड म्हणजे ते जुनंच ना? म्हटलं, जुनं म्हणजे अनुभवी. ती हसली नाही. हे वाईट लक्षण.

१८ फेब्रुवारी
हिचा चष्मा लावून खोकं वाचलं. निळ्याचा कुठे उल्लेख नाही.

दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, मध्ये कन्व्हर्टर लागेल. घेतला. घरी येऊन पाहिलं, चपट्याचं निळं करणारा आहे. आपल्याला निळ्याचं चपटं करणारा हवा. पुन्हा दुकान. दुकानदाराने आता 'काका' म्हणणं सोडून 'आजोबा' सुरू केलंय. जाता जाता त्याने विचारलं, मशीन किती जुनं? चौदा वर्षं म्हटलं. तो म्हणाला, मग तोंड जुळलं तरी आतलं विंडोज याला ओळखणार नाही. माझ्याकडे असं बघितलं, जसं डॉक्टर नातेवाइकांकडे बघतात.

संकल्प: उद्या साहेबांना खरं सांगायचं.

१९ फेब्रुवारी
साहेब रजेवर.

२१ फेब्रुवारी
साहेब आले. मी रजेवर. कंबर.

२५ फेब्रुवारी
साहेबांच्या दारापर्यंत जाऊन आलो. आत कोणीतरी होतं. बहुतेक.

नवा विचार: लोक भेटी उघडतातच कुठे? आमच्या कपाटावर आमच्या लग्नातला लेमन सेट अजून कागदासकट आहे. काटकोनही ठेवून देईल. उगाच काळजी करत होतो.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
उघडली. सगळ्यांसमोर. सील नखाने सोडवलं, कागद न फाडता. पेन हातात घेतलं आणि पकड बदलून बदलून बघितली. मग त्या काळ्या, बंद काचेवर एक कमान काढली. काचेवर काही उमटणार नव्हतंच. पण सगळे बघत राहिले. काटकोन म्हणाला, माउस हातात आल्यापासून आपला हात गेला असं वाटायचं. बसला. पाठ पहिल्यांदाच वाकलेली दिसली.

साहेबांनी भाषणात सांगितलं की मी स्वतः घरी जाऊन, कंबर मोडून घेऊन सगळं तपासलंय. टाळ्या. आवक-जावकवालीने वाजवल्या नाहीत. काटकोनने माझा हात दाबला, म्हणाला, रविवारी येऊन लावून देशील ना?

हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

बिस्किट बशीत तसंच ठेवून निघालो.

२ मार्च, रविवार
जाण्यापूर्वीचा बेत: दुकानदार लोक घाबरवतात. यंत्रं जोडल्यावर आपोआप एकमेकांना ओळखतात. अर्धा तास लागेल.

घरी आल्यावर:
साडेतीन तास लागले. केबल, कन्व्हर्टर, पुन्हा केबल. हिरवा दिवा लागला, स्क्रीन काळीच. काटकोन शेजारी खुर्चीवर, हातात पेन, नवा शर्ट. दर पाच मिनिटांनी मी म्हणायचो, झालंच. तो म्हणायचा, सावकाश कर, मला आता कुठे जायचंय?

मग मशीन बंद करून पुढे ओढलं. मागे एक बारकासा लाल स्विच दिसला, त्यावर २३० लिहिलेलं. आजवर कोणी हातच लावला नसावा. वाटलं, हाच बंद राहिलाय. प्रिंटरच्या वेळी असंच होतं. सरकवला. २३० जाऊन ११५ आलं. मशीन चालू केलं.

फट् असा आवाज. जळका वास. टेबलाखालून धुराची एक रेघ. घरातला पंखासुद्धा बंद पडला.

वहिनी धावत आल्या. पहिलं वाक्य, भावोजी, लागलं नाही ना? दुसरं काटकोनला, अगदी हळू: तुमचे पूल?

काटकोनने पेन त्याच्या खोबणीत नीट ठेवलं. म्हणाला, जुनंच होतं, कधीतरी जायचंच. मला जिन्यापर्यंत सोडायला आला. सांभाळून उतर म्हणाला.

सांभाळून उतरलो.

३ मार्च
सिक लीव्ह. हिने विचारलं, काय झालं? म्हटलं, व्होल्टेज. ही आत गेली. आत फोनवर बोलत होती. कान दिला नाही.

अकरा वर्षं. रोज एक तास. हिशोब करून पाहिला नाही.

६ मार्च, गुरुवार
काटकोनचा फोन! आधी कंबरेची चौकशी. मग म्हणाला, अरे, चालू झालं. पेन, स्क्रीन, सगळं. छान चालतंय. रविवारी ये बघायला.

पूलही?

पूलही, म्हणाला.

बघा. मशीनला रुळायला वेळ द्यावा लागतो. गरम झालेलं असतं, निवलं की आपलं आपण मार्गी लागतं. माझी जोडणी मुळात बरोबरच होती. हिला सांगितलं. ही 'बरं' म्हणाली. हिच्या 'बरं'चे सात प्रकार आहेत, हा सहावा.

भूक लागली. चार दिवसांनी.

संकल्प: रिटायर झाल्यावर कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं काम सुरू करावं. फक्त ओळखीच्यांसाठी.

९ मार्च, रविवार
गेलो. जाताना ताठ चालत होतो.

काटकोन टेबलाशी. खरंच चालू होतं. पेन काचेवरून सरकत होतं आणि त्याच्यामागून रेघ येत होती, पातळ, एकसारखी. मी आलेला त्याला कळलंही नाही.

टेबलाखाली नजर गेली. मशीन वेगळं. काळं, बुटकं.

स्वयंपाकघरात वहिनींना विचारलं. त्यांनी चहा गाळता गाळता सांगितलं. तुमच्या ऑफिसातली ती मुलगी सोमवारी संध्याकाळी आली होती. तुमच्या हिने तिला फोन केला. जुन्या मशीनमधून तिने कसलीशी डबी काढली, सगळे पूल तीत शाबूत होते. तिच्या भावाकडे हे मशीन पडून होतं, ते तिने तीन दिवस संध्याकाळी बसून जुळवून दिलं. वहिनी पुढे म्हणाल्या, ह्यांनी बजावलं होतं तुम्हाला कळू द्यायचं नाही म्हणून. पण भावोजी, मला नाही खोटं बोलता येत.

चहा घेऊन बाहेर आलो. तीन वाक्यं मनात जुळवली. पहिलं व्होल्टेजविषयी होतं. ते खोडलं. दुसरं दुकानदाराविषयी. तेही खोडलं.

एवढ्यात काटकोननेच पेन माझ्या हातात दिलं, म्हणाला, तूही काढून बघ काहीतरी. मला चित्र कुठे येतं? एक रेघ काढली. सरळ काढायची होती. थरथरत, नागमोडी, कुठल्या कुठे गेली.

काटकोनने मान तिरकी करून पाहिलं. म्हणाला, नदी चांगली आलीय. पेन घेतलं आणि तिच्यावर पुलाचा पहिला खांब काढायला लागला.

मी म्हणालो, मशीन मी जाळलं. रिपोर्टही खोटाच होता. मला काही कळत नव्हतं.

मान वर न करता म्हणाला, ठाऊक आहे.

दुसरा खांब काढून झाला. मी तसाच उभा, कप हातात. थोड्या वेळाने म्हणाला, जरा सरक ना, उजेड अडतोय.

सरकलो.