क्लासची फी आणि पहिला तोडा

जुन्नर,
१८ सप्टेंबर २००६

प्रिय चांदमल,

तुझ्या दुकानाचं शटर आता रोज दुपारी वर जातं. साड्यांच्या फळ्या होत्या त्या भिंतीला भागूनं निळा-पिवळा रंग दिलाय, पण कापडाचा वास अजून गेलेला नाही. रंग तिच्या आवडीचा नव्हे, कंपनीनं ठरवून दिलेला. माझी लेक मणी-गणिताचा, म्हणजे अबॅकसचा, क्लास काढते आहे, एवढंच मी तुला फोनवर बोललो आणि तू अनामत न घेता पुण्याहून किल्ली पाठवलीस. पुढचं सगळं लिहायचं राहूनच गेलं.

मला वाटायचं, शाळा काढायला एक फळा, एक झाड आणि कविता येणारा एक माणूस पुरतो. डिंभ्याला मी तेवढ्यावर चार वर्ग एकत्र शिकवले. क्लासचं तसं नसतं रे. कंपनीचं नाव लावायचे चाळीस हजार, पुण्यात जाऊन शिकून यायचे वेगळे, बाकं, बोर्ड, आणि शिवाय प्रत्येक मुलाच्या फीमधला वाटा दर महिन्याला कंपनीला. त्याला रॉयल्टी म्हणतात. शब्द ऐकून मला उगाच राजवाड्याची पायरी दिसली. सुशिक्षित बेरोजगारांच्या योजनेतून बँकेनं निम्मं कर्ज दिलं, उरलेलं माझ्या फंडातून. भागू म्हणाली, "आबा, तुमच्या म्हातारपणाचे आहेत ते." मी म्हटलं, मग म्हातारपणीच वापरतोय की!

मुलं मात्र छान येतात. मण्यांची पाटी काढून घेतली तरी त्यांची बोटं हवेत हलत राहतात, ओठ पुटपुटतात, आणि मला आपला चौथीचा वर्ग दिसतो. मी डोळे मिटून कविता म्हणायचो. तुला शब्द कधी आठवायचे नाहीत, पण मात्रा तू बोटांवर मोजायचास आणि मध्येच ओरडायचास, "सावळ्या, एक खाल्लीस!" मास्तरांना हसू आवरायचं नाही. क्लासमध्ये कंपनीच्या पुस्तकाबाहेरचं काही शिकवायचं नाही, असं करारात लिहिलंय. म्हणून क्लास सुटला की मुलं तुझ्या दुकानाच्या पायरीवर बसतात आणि मी त्यांना कविता म्हणून दाखवतो. पायरी करारात येत नाही.

गोरख आठवतो ना? डिंभ्याचा, माझ्या हाताखाली शिकलेला. लग्नाचा बस्ता तुझ्याकडूनच नेला होता त्यानं. आता जुन्नरजवळ टमाटे करतो, आणि त्याचा शौर्य आपल्या क्लासला आहे. पहिला महिना भरला तसा गोरख मोटारसायकलला टमाट्याची दोन क्रेट बांधून आला. "गुरुजी, पयला तोडा हाय. आमी काय तुमाला इसरतो व्हय?" माझे डोळे भरून आले. क्रेट आत घेतली, चहा पाजला, आणि तो समाधानानं गेला. फी दिली, असं समजून. त्याचं चुकलं असं कोणत्या तोंडानं म्हणू? डिंभ्याला पहिलं पीक गुरुजींच्या ओट्यावर यायचं, आणि मी ते घ्यायचो. तीच रीत. गोरखचं बघून कुणी बटाट्याचं पोतं आणलं, कुणी घरचा तांदूळ. भागू वैतागून म्हणते, "आबा, कंपनी रॉयल्टी टमाट्यात घेत नाही. मी फी मागायला गेले की लोक तुमच्याकडं बघतात, आणि तुम्ही मान डोलावता!" खरं आहे. पोरगी रास्त बोलते, पण मागायची वेळ आली की माझी जीभच उचलत नाही. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, "सर, भावना राहू द्या, डीडी पाठवा." या महिन्याअखेर दोन महिन्यांची रॉयल्टी गेली नाही, तर ते नाव काढून घेऊन नारायणगावच्या एका बाईंना देणार आहेत. बँकेचा हप्ता तरीही आमच्याच मागे राहील.

चांदमल, हे पत्र उसने मागायला लिहिलेलं नाही. तुझ्या जैन घरात बटाटा शिजत नाही, तरी कुणी गिऱ्हाईक पोतं घेऊन आलं तर तू ते मानानं ठेवून घ्यायचास, आणि मग म्हणायचास, "पावणं, बटाटा मायेचा, कापडाचे पैसे वेगळे." माणूस हसत हसत कनवटीची गाठ सोडायचा. मला हे जन्मात जमणार नाही आणि भागूला कुणी करू देणार नाही. तुझा नातू अंकित सांगत होता, झमकूवहिनी गेल्यापासून तू दिवसभर गॅलरीत बसतोस, जेवायला दोनदा बोलवावं लागतं. तू इकडे ये. दाराशी बैस, येणाऱ्याला रामराम कर आणि फी माग. मागची खोली मी झाडून ठेवली आहे, पगार तू ठरवशील तो. भागूला यातलं काही ठाऊक नाही. आज सकाळी ती बाकांना काय भाव येईल, हे विचारायला सुताराकडे गेली होती. ती विकायच्या आत ये.

तुझाच,
सावळाराम