शेषेरावाच्या नावाची घागर

लातूर, वैशाख वद्य चतुर्थी, १९८३

मित्रवर्य शेषेराव यांस व्यंकटीचा नमस्कार.

(नावामागं 'श्री' लिहू की 'कै', यातच सकाळ गेली, शेवटी दोन्ही गाळलं, राग मानू नकोस.) प्रकृती कशी आहे? रीत म्हणून नव्हे, खरंच विचारतोय.

बोअर मारणारा रामकिशन तुमच्या उमरीहून आला आणि म्हणाला, "तुमचे ते कविता म्हणणारे शेषेराव उन्हानं गेले की हो." तार करून विचारायला हात धजेना (तारेला उत्तर लवकर येतं). म्हणून आखितीला पितरांच्या घागरीशेजारी तुझ्या नावानं एक नवी मातीची घागर भरली. लातूरचा जिल्हा झाला, हपिसांवर नव्या पाट्या लागल्या, नळ मात्र तालुका असतानाचाच, कोरडा. गुणाबाई कडाडली, "जित्याला घोटभर न्हाई, अन् भावजींना घागरभर!" म्हटलं, अगं, हे पाणी नव्हे, अमृत आहे. आपल्या शाळेतल्या कवितांत आईचं दूध अमृत, पावसाचा थेंब अमृत. तुझी आई तर ताकालाही अमृत म्हणायची, आणि पाणी घालून वाढवायची. यंदा रेशनचं रॉकेलसुद्धा अमृत झालंय. तर ही म्हणते, "मग पिऊन उठून बसत्यात का बघा."

शेषेराव, तेव्हापासून भर दुपारी तुझी घागर रिकामी होते. पितरांची काठोकाठ तशीच. नवी माती पाणी पिते म्हणावं, तर खालची जमीन ठणठणीत कोरडी. दाराला कडी, मांजर बाहेर. काल समोर बसून मी आपली पावसाची कविता म्हणू लागलो (तू बाकावर ताल धरायचास ती). दुसऱ्या ओळीला अडलो. तर घागरीच्या तोंडाशी कुणीतरी ती ओळ हळूच पुरी केली, आणि पाणी चार बोटं खाली गेलं. गुणाबाईच्या हातातली परात पडली. आता तीच स्वतःच्या वाट्याचा तांब्या त्यात ओतते आणि डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणते, "घ्या, भावजी."

जिथं असशील तिथून लोभ ठेव.

तुझा
व्यंकटी

ता.क. जिवंत असशील तर उलट टपाली दोन ओळी टाक, म्हणजे घागर उपडी घालतो. एवढ्यासाठीच हे पत्र.

आणखी ता.क. नसशील तर काही कळवू नकोस. आम्ही भरत राहू. फक्त एवढं गटागटा पिऊ नकोस. तुला ठसका लागलेला ऐकू येतो, आणि हात फिरवायला पाठ सापडत नाही.