दादाच्या फॉर्मवरची दुसरी खूण

बाबा, आज सकाळी मी दादाला फसवलं. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, तुम्ही काही ओरडायला येत नाही, म्हणून आधी तुम्हालाच सांगते. त्याच्या स्वयंपाकघरात मी त्याचं रक्त काढलं. तो समजला, नेहमीची तीन महिन्यांची शुगर. लॅबच्या फॉर्मवर मी त्याला न विचारता आणखी एक खूण केली, पीएसएची. प्रोस्टेटच्या कॅन्सरचा संशय घ्यायचा की नाही, ते बघायला पुरुषांची ही तपासणी करतात. इतकी वर्षं लोकांना सुया टोचतेय, पण असली लबाडी कधी केली नव्हती.

विचारणार कशी? वहिनी म्हणाली, हा रात्री चारचारदा उठतो, आणि गेला की ताटकळत उभा राहतो, लघवी होतच नाही लवकर. मी विषय काढला तर म्हणाला, "शुगर आहे, अजून काय असणार? तू सुई टोच नि गप चहा पी." बहिणीशी असलं कोण बोलतं, हे त्याच्या तोंडावरच दिसत होतं.

तुम्हीही तसेच. घाटकोपरच्या चाळीत टोकाच्या संडासाकडे तुमच्या दिवसभर खेपा, आणि मी नुकती लॅबला लागलेली, दीडशहाणी. शुगर वाढलेली दिसली की तुमच्यावर चढायचेच. "फणसपोळी कुठे लपवलीत?" तुम्ही म्हणता, "नाय गो बाय, मी कायच खावक नाय." मी तुमच्यासमोर डबा कपाटात ठेवते आणि कुलूप लावते. शेजारीण दारातून बघतेय. तुम्ही खरंच काही खाल्लं नव्हतं. सगळं खापर आम्ही शुगरवर फोडलं, आणि तुमची पाठ धरली तेव्हा कळलं, कॅन्सर हाडात गेलाय. तुमचं रक्त दर वेळी मीच काढलं, बाबा, पण ही तपासणी सांगायचं एकदाही सुचलं नाही. अजून मेल्याहून मेल्यासारखं होतं.

दुपारी दादाचा रिपोर्ट आला. आकडा मर्यादेच्या आत, पण जेमतेम. सुटलो एकदाचे, म्हटलं. मग लॅबच्या डॉक्टरबाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, "भावाला डायबिटीस आहे ना? अशा पुरुषांत हा आकडा कधीकधी थोडा कमी दिसतो. शिवाय त्रास होतोय, तर नुसत्या कागदावर विसंबू नकोस. मूत्रविकाराच्या डॉक्टरांकडे ने, त्यांना तपासू दे." काही नसेलही, असंही म्हणाल्या. दादाला आता दोन गोष्टी सांगायच्यात. तुझ्या मागे मी काय केलं, ही एक. आणि आकडा बरा असला तरी तुला डॉक्टरकडे जायचंय, ही दुसरी. पहिली ऐकून तो असा भडकेल की दुसरी कानात शिरायचीच नाही. आणि शिरलीच तर म्हणेल, रिपोर्ट चांगला आहे ना, मग डोकं नको खाऊ.

संध्याकाळी त्याच्याकडेच आलेय. तो बाहेर बसलाय. "आला का गं रिपोर्ट?" दोनदा विचारून झालं. मी "थांब रे" म्हणते आणि आत एका कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर हे लिहीत बसते.

एक सांगायचं राहिलं, बाबा. तुम्ही अंथरूण धरायच्या वर्षभर आधी, तुमचा लेंगा भिजवताना मला पुढच्या बाजूला रक्ताचा डाग दिसला होता. तो लघवीतून आलाय, हे मला कळत होतं. वडिलांना हे कसं विचारायचं, म्हणून मी साबण लावला, घासला आणि लेंगा वाळत घातला. आईलाही कधी बोलले नाही. आता बाहेर जाऊन दादाला आधी हेच सांगते.